नाक न मुरडता

कुत्र्याच्या पिल्लाची शी चांगली आहे की नाही, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. कागदाने किंवा पिशवीने ती उचलावी. एकसंध वर आली, जमिनीवर ओलसर ठशापलीकडे काही उरलं नाही, पिशवीतून हलकी दाबल्यावर दबली पण भुगा झाला नाही, म्हणजे पोट ठीक चाललं आहे. रंग तपकिरी, आकार लांबट, अधूनमधून चिरा आणि वास असला तरी खोलीभर न पसरणारा. एवढं जमलं तर बाकी बारकावे शोधत बसायची गरज नाही.

पण पिल्लाच्या बाबतीत हे रोज, प्रत्येक वेळी जमत नाही. ते जमायलाच हवं असं धरून चाललं की घोटाळा सुरू होतो. पिल्लाचं आतडं अजून तयार होत असतं. त्यातली जिवाणूंची वस्ती स्थिरावलेली नसते. शिवाय जे दिसेल ते तोंडात घालायचं हा तर त्याचा धर्मच. त्यामुळे एखादी मऊ शी झाली म्हणून लगेच अन्न बदलणं, औषध देणं, दही-भात सुरू करणं हा उतावीळपणा आहे. आपल्याला एक शी नव्हे, दिवसभरातल्या आणि तीन-चार दिवसांतल्या शींचा कल बघायचा असतो. आणि सगळ्यात आधी शीच्या मालकाकडे बघायचं असतं. ते खेळतंय, जेवणाच्या भांड्याकडे धावतंय, वजन वाढतंय, तर मऊ शीला वेळ देता येतो. ते कोपऱ्यात गप्प पडलंय, तर शी चांगली दिसली तरी वाट बघू नये.

घट्टपणा मोजायला पशुवैद्यकात गुणांच्या पट्ट्या वापरतात. प्युरिना ह्या प्राण्यांचं अन्न बनवणाऱ्या कंपनीची 1 ते 7 अशी पट्टी पुष्कळ ठिकाणी चालते. 1 म्हणजे कोरड्या, कडक, सुट्या गोळ्या. 7 म्हणजे निव्वळ पाणी. 2 हा आदर्श: घट्ट, पण कडक नाही, खंड पडलेली. 3 मध्ये पृष्ठभाग ओलसर, चिरा जवळपास नाहीत, उचलल्यावर खाली थोडं चिकटून राहतं, पण आकार मोडत नाही. 4 ला आकार असतो, पण उचलताना तो बिघडतो. 5 चा ढीग होतो, 6 चा नुसता पसारा. पिल्लासाठी 2 आणि 3 दोन्ही चालतात, आणि दिवसाच्या शेवटी एखादी 4 झाली तरी आकाश कोसळत नाही. मात्र डॉक्टरांना फोनवर नुसता आकडा सांगू नये. दुसऱ्या संस्थांच्या पट्ट्या 1 ते 5 अशाही असतात, आणि त्यांच्यातला 4 आणि ह्यातला 4 सारखा नसतो. 'उचलता येत नाही', 'आकार आहे पण चिकट आहे' असं साध्या शब्दांत सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं. फोटो तर सर्वात बरा. घरात पिल्लू आलं की फोनमध्ये त्याच्या गोड फोटोंच्या मधे मधे हे दुसरे फोटो जमा होतात. पाहुण्यांना फोन दाखवताना जरा जपून, एवढंच.

सकाळची पहिली शी घट्ट आणि संध्याकाळची मऊ, ही तक्रार पिल्लांच्या बाबतीत सर्रास ऐकू येते. त्यात बहुतेक वेळा आजार नसतो. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं. रात्रभर मल तिथे थांबतो, पाणी पुरेसं शोषलं जातं, सकाळी घट्ट शी होते. दिवसा दर जेवणानंतर पोट भरलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, आणि 10 ते 30 मिनिटांत पिल्लू जागा शोधत गोल गोल फिरायला लागतं. त्या मलाला आत थांबायला वेळच मिळालेला नसतो. धावपळीच्या खेळानंतर होणारी शीही अशीच: सुरुवातीचा भाग चांगला, शेवटचा सैल. शीचा दर्जा ठरवायचा तर सकाळच्या पहिल्या शीवरून ठरवावा. तीच पातळ असेल तर मात्र दुर्लक्ष नको.

किती वेळा, हेही वयावर आहे. आठ ते बारा आठवड्यांचं पिल्लू दिवसाला चार ते सहा वेळा शी करतं, म्हणजे जवळपास प्रत्येक जेवणानंतर आणि शिवाय झोपेतून उठल्यावर. पाच-सहा महिन्यांपर्यंत हा आकडा तीन-चारवर येतो, आणि मोठ्या कुत्र्यात एक किंवा दोनवर. जन्मानंतरचे पहिले साधारण तीन आठवडे तर पिल्लाला स्वतःहून शी करताच येत नाही. आई त्याला चाटते, त्या स्पर्शाने शी होते आणि आईच ती साफ करून टाकते. म्हणून आईजवळ असलेल्या पिल्लांच्या जागी शी सहसा दिसत नाही. आई नसलेलं पिल्लू सांभाळताना दर पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकं चोळून हे काम आपल्याला करावं लागतं. त्या वयात पिवळसर, मऊ शी हीच नेहमीची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाबरोबर अन्न सुरू झालं की रंग तपकिरीकडे जातो आणि आकार येतो.

आता मऊ शीचं सर्वात सामान्य आणि सर्वात कमी मानलं जाणारं कारण: पिल्लाला जास्त खायला घातलं जातं. आजाराची शंका घेऊन लोक महागड्या चाचण्यांपर्यंत जातात, पण वाडग्यात किती पडतंय ते मोजत नाहीत. पचवण्याची क्षमता ओलांडली की न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे ते स्वतःकडे पाणी ओढतं आणि जिवाणू ते आंबवतात. परिणामी शी मऊ, भरपूर, वारंवार आणि वायू होणारी. पिल्लू मात्र मजेत असतं, वजन छान वाढत असतं, भूक कधीच कमी होत नाही. हीच त्या प्रकरणाची खूण.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दिवसाचं अन्न ग्रॅममध्ये मोजावं. कपाने मोजलेलं अन्न माणसागणिक बदलतं, कारण कोणी शीग लावून भरतं, कोणी सपाट. पाकिटावरच्या तक्त्यात बहुतेकदा पूर्ण दिवसाचं प्रमाण असतं आणि ते एका वेळचं समजून तिप्पट घातलं जाणं हा नेहमीचा प्रकार. काही तक्त्यांत पिल्लाचं आजचं वजन धरलेलं असतं, काहींत मोठेपणी होणारं अंदाजे वजन. कुठला रकाना वाचतोय हे एकदा नीट बघावं. मोजलेलं अन्न वयाप्रमाणे वाटावं: तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. शिकवताना दिलेला खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि तेवढं मुख्य अन्न कमी करायला हवं. घरात पाच माणसं असतील तर पाचही जण 'मी एकच तुकडा दिला' असं सांगतात आणि पाचही खरं बोलत असतात. हे सगळं करून शी मऊच राहिली, तर अन्न दहा टक्क्यांनी कमी करून दोन-तीन दिवस बघावं. त्याहून जास्त कपात वाढत्या पिल्लाला करू नये.

अन्न बदलणं हे दुसरं कारण. पिल्लू नव्या घरी आलं की जागा बदलते, माणसं बदलतात, भावंडं सुटतात. एवढ्या ताणानेच शी बिघडते. त्यात त्याच दिवशी नवं, 'अधिक चांगलं' अन्न दिलं तर पोटाने कोणाकोणाशी झगडावं? आधी जे खात होतं तेच निदान आठवडाभर द्यावं. मग पहिले दोन दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं, नंतर दोन दिवस पाऊण भाग नवं, आणि सातव्या दिवशी पूर्ण. एखाद्या टप्प्यावर शी सैल झाली तर पुढे न जाता तिथेच दोन दिवस थांबावं. अन्नाचा दर्जा वाईट आहे असा निष्कर्ष घाईच्या बदलावरून काढला जातो आणि मग तिसरं अन्न येतं. दुधाचंही तसंच: आईचं दूध सुटल्यावर त्यातली साखर पचवणारं विकर पिल्लात कमी होत जातं. वाटीभर दूध दिलं की दुसऱ्या दिवशी फरशी पुसायची तयारी ठेवायची.

रंगाबद्दल फार लिहिलं जातं, तेवढं ते गूढ नाही. तपकिरी रंग पित्तातल्या रंगद्रव्याचा. मल आतड्यातून घाईने पुढे सरकला की त्या रंगद्रव्यावरची प्रक्रिया अर्धवट राहते आणि शी पिवळसर येते. एखाद्या वेळी चालेल, पण पिवळेपणा टिकला किंवा डोळ्यांत-हिरड्यांत दिसला तर यकृताकडे बघावं लागतं. हिरवी शी बहुधा खाल्लेल्या गवताची. मात्र उंदीर मारायच्या काही विषांना हिरवा-निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे घरात असं काही ठेवलेलं असेल तर आधी ते जागेवर आहे का बघावं आणि शंका आली तरी तडक दवाखाना गाठावा. पांढरी, खडूसारखी ठिसूळ शी जास्त हाडं खाल्ल्याची. फिकट, राखाडी, तेलकट आणि प्रचंड प्रमाणात होणारी शी, तीही भरपूर खाऊन वजन न वाढणाऱ्या पिल्लाची, ही स्वादुपिंडाची विकरं कमी पडत असल्याची शक्यता दाखवते. बीटाने शी लाल होते आणि लोहाच्या औषधाने काळी, हे घाबरण्याआधी आठवावं.

रक्ताचं मात्र नीट समजून घ्यावं. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे रक्त वर कुठेतरी, जठरात किंवा लहान आतड्यात सांडलं आणि खाली येईपर्यंत पचलं. पांढऱ्या ओल्या कागदावर थोडी शी घासून बघितली की कडेला लालसर छटा उमटते का ते कळतं. गडद तपकिरी आणि काळी यांतला फरक असा स्पष्ट होतो. ताजं लाल रक्त मोठ्या आतड्यातलं किंवा गुदद्वाराजवळचं. घट्ट शीवर एखादा लाल ठिपका आणि पिल्लू उत्साहात, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं. पातळ शीत मिसळलेलं रक्त असेल तर त्याच दिवशी.

जुलाब म्हटलं की सगळे एकाच पारड्यात टाकतो, पण त्यांचे दोन स्वभाव आहेत आणि ते ओळखले तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. लहान आतडं बिघडलं की एका वेळी भरपूर पातळ शी होते, वेळा फार वाढत नाहीत, कुंथणं नसतं, आणि आजार लांबला तर वजन घटतं. मोठं आतडं बिघडलं की पिल्लू पुन्हा पुन्हा बसतं, दर वेळी थोडीशीच शी, शेवटी शेवटी तर नुसती आव आणि एखादा रक्ताचा थेंब, आणि झाल्यावरही ते कुंथत राहतं. हे कुंथणं बघून 'बद्धकोष्ठ झालंय' असं वाटतं आणि तेल-तूप पाजलं जातं, म्हणजे आगीत तेलच. घर बदलल्यावरच्या ताणातून होणारी हगवण बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारची असते. घट्ट शीवर आवेचा पातळ थर दिसला तर तो आतड्याचा नेहमीचा वंगणाचा भाग. शीपेक्षा आव जास्त झाली की प्रश्न.

जंत असतील तर शीत दिसतीलच, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. गोलकृमी दिसतात खरे: पांढरट, लांब, गुंडाळी झालेले, कधी उलटीतूनही पडलेले. पट्टकृमीचे सुटे तुकडे शीवर किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्याएवढे दिसतात, ताजे असताना हलतात, वाळल्यावर पिवळट होतात. त्यातला सर्वात सामान्य पट्टकृमी पिसू गिळल्याने होतो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त न करता नुसतं औषध दिलं तर महिन्याभरात तेच चित्र. पण अंकुशकृमी इतके बारीक असतात की शीत दिसतच नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, हिरड्या फिकट पडतात, पिल्लू मलूल होतं. आईच्या दुधातून मिळालेल्या जंतांनी तर शीत अंडी दिसायला लागण्याआधीच पिल्लू दगावू शकतं. म्हणून 'तपासणीत काही आलं नाही' एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

गोलकृमीच्या अळ्या गर्भातच आईकडून पिल्लात येतात. त्यामुळे घर कितीही स्वच्छ असलं तरी पिल्लाला जंत असतात असंच धरायचं. जंतनाशक दोन आठवड्यांच्या वयात सुरू होतं, ते याच कारणाने: 2, 4, 6 आणि 8 आठवड्यांना, नंतर सहा महिन्यांपर्यंत साधारण दर महिन्याला. डोस त्या दिवशीच्या वजनावर ठरतो आणि पिल्लाचं वजन आठवड्यागणिक बदलतं. मागच्या वेळची मात्रा पुन्हा देणं म्हणजे कमी औषध देणं. औषधानंतर एक-दोन दिवस शी सैल होणं, त्यात मेलेले जंत पडणं अपेक्षित आहे. एका औषधाने सगळं मरत नाही, हेही लक्षात असावं. गोलकृमीचं नेहमीचं औषध जिआर्डिया आणि कॉक्सिडिया ह्या एकपेशीय परजीवींना लागू पडत नाही. चार ते बारा आठवड्यांच्या पिल्लात जंतनाशक वेळेवर देऊनही शी फिकट, दुर्गंधी, कधी आव पडणारी राहिली, तर ह्या दोघांसाठी शी तपासून घ्यावी.

शी रोजच्या रोज उचलण्याला सौंदर्यापलीकडचं कारण आहे. गोलकृमीची अंडी शीतून बाहेर पडताच लागण करत नाहीत. त्यांना त्यासाठी दोन ते चार आठवडे लागतात. मग मात्र ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि मातीत खेळून तोंडात हात घालणाऱ्या मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात पोचतात. ताजी शी उचलून टाकली की ही साखळी तिथेच तुटते. जिआर्डियाला मात्र ही सवलत नाही. तो बाहेर पडतो तोच लागण करायच्या तयारीने.

पार्व्होबद्दल थोडं अधिक, कारण इथे तासांना किंमत आहे. कुत्र्यांमधला हा विषाणू 1978 मध्ये जगभर पसरला आणि आजही सहा आठवडे ते सहा महिने वयाची पिल्लं त्याला सर्वाधिक बळी पडतात. सुरुवात शीपासून होतेच असं नाही. आधी पिल्लू गप्प होतं, जेवण सोडतं, ताप येतो, मग उलट्या, आणि त्यानंतर पातळ, अतिशय दुर्गंधी, बहुधा रक्ताळलेली शी. 'रक्त नाही म्हणजे पार्व्हो नाही' आणि 'वासावरून मला कळतं' ही दोन्ही विधानं धोक्याची आहेत. गुदद्वारातल्या नमुन्याची झटपट चाचणी दवाखान्यात काही मिनिटांत होते. ती नकारात्मक आली तरी लक्षणं बघून डॉक्टर उपचार चालू ठेवू शकतात, कारण चाचणी कधी कधी चुकते. लसीचा एक डोस झालाय म्हणून पिल्लू सुरक्षित नसतं. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत शेवटचा डोस 16 आठवड्यांचं वय झाल्यावर किंवा त्यानंतर दिला जातो. घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर साध्या फिनाइलवर विसंबू नये. आधी मळ पूर्ण धुऊन काढावा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ती जागा दहा मिनिटं ओली ठेवावी. मळ तसाच ठेवून ओतलेलं ब्लीच वाया जातं.

उलटी नाही, रक्त नाही, पिल्लू खेळतंय आणि फक्त शी पातळ आहे, अशा वेळी एखादा दिवस घरी बघता येतं. मोठ्या कुत्र्याला उपाशी ठेवण्याचा जुना सल्ला पिल्लाला लावू नये. छोट्या जातींच्या पिल्लांत काही तासांच्या उपासाने रक्तातली साखर धोकादायक उतरते. कातडी-हाडं काढून उकडलेलं कोंबडीचं मांस एक भाग आणि मऊ शिजवलेला भात दोन ते तीन भाग, मीठ-मसाला-कांदा-तेल काही नाही, असं दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं. शी बांधली की हळूहळू नेहमीच्या अन्नावर यावं. भात-मांस हे पिल्लाचं पूर्ण अन्न नव्हे, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं. आठवडाभर तेच चालवू नये. पाणी कायम समोर असावं. माणसांची जुलाब थांबवायची गोळी देऊ नये: काही जातींत, विशेषतः कोलीसारख्या मेंढपाळ कुत्र्यांत, जनुकीय दोषामुळे ती मेंदूत शिरून विषारी ठरते, आणि संसर्ग असेल तर बाहेर जायला हवं ते आत अडकतं. उरलेली प्रतिजैविकं तर मुळीच नकोत.

पाणी कमी पडतंय का ते हिरड्यांवर कळतं. बोट फिरवल्यावर हिरडी ओली, निसरडी लागायला हवी. चिकट लागली तर शरीर कोरडं पडतंय. हिरडी दाबून सोडली की पांढरा ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा. मानेची कातडी ओढून बघायची चाचणी लहान पिल्लात फसवते. उलटी आणि जुलाब एकत्र, चोवीस तासांपेक्षा लांबलेले जुलाब, काळी शी, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, पोटाला हात लावू न देणं, किंवा काही गिळल्याची शंका, ह्यांतलं एक जरी असलं तरी घरचे उपाय बंद.

कडक शीचं दुखणं तुलनेने कमी. पाणी कमी, हाडं जास्त, गिळलेले केस किंवा कापड. दोन दिवस शी नाही आणि पिल्लू कुंथतंय, तर दवाखाना. लांब केसांच्या पिल्लात आधी शेपटी उचलून बघावी: वाळलेल्या शीने केसांचा गठ्ठा होऊन दारच बंद झालेलं असतं. कोमट पाण्यात भिजवून तो सोडवावा. कात्री चालवू नये, खालची कातडी ओढली जाऊन कापते.

डॉक्टरांकडे नेताना शीचा नमुना बरोबर असला तर एक फेरी वाचते. चमचाभर, शक्यतो त्याच दिवशीची, माती-गवत न लागलेल्या भागातली, कोरड्या झाकणाच्या डबीत. लगेच जाता येणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, चोवीस तासांच्या आत पोचवावी, गोठवू नये. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून त्यासाठी तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले जातात. डबीवर तारीख आणि वेळ, कागदावर मागच्या तीन दिवसांचं खाणं, शीच्या वेळा, शेवटचं जंतनाशक आणि लसीच्या तारखा. आणि डबीवर मोठ्या अक्षरात 'नमुना' असं लिहून ती फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, पिशवीत बांधून ठेवावी. घरात सकाळी सगळ्यात आधी फ्रिज कोण उघडतं, याचा विचार करून.